कादंबरी अपडेट: साल बदललं आणि नववं प्रकरण सुटलं

मंडळी, मागच्या वेळी लिहिलं होतं ना की माझ्या कादंबरीतला निखिल, न्यू जर्सीतल्या एडिसन गावचा, अडकलाय, तर सुटला एकदाचा. एकूण ४१ हजार शब्द झालेत, नववं प्रकरण काल सावानात (आपलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय) बसून संपवलं.

घोळ सालाचा होता. मी कथा २०१९ मध्ये ठेवलेली, सोळा वर्षांचा गे मुलगा, वडील एच-१बी वर (अमेरिकेतला नोकरीचा व्हिसा), घरात सोवळंओवळं कडक, पण सगळी भीती नुसती 'लोक काय म्हणतील' एवढ्यावरच यायची आणि ते आपण शंभरदा वाचलंय. मग सगळं उचलून २०१३ मध्ये नेलं. ऑक्टोबरात न्यू जर्सीत समलिंगी लग्नं सुरू झाली आणि ११ डिसेंबरला आपल्या सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ परत लागू केलं. इथे सकाळी निकाल आला तेव्हा तिकडे मध्यरात्र, पोरगा पांघरुणात फोनवर वाचतोय. त्याचा एच-४ (वडिलांच्या एच-१बीवर बायकोमुलांना मिळणारा व्हिसा) एकविसाव्या वर्षी संपणार, तोवर ग्रीन कार्ड नाही आलं आणि दुसरा व्हिसाही नाही जमला तर परत यायचं ते ह्याच कायद्याखाली. वडील ग्रीन कार्डच्या ज्या फाइलसाठी दर चतुर्थीला उपास करतात तिच्यावरच पोराचा जीव टांगलाय, आणि त्यांना पत्ताच नाही.

आईचंही तसंच. एच-४ वाल्या बायकांना कामाची परवानगी मिळायला लागली २०१५ पासून, म्हणजे २०१३ मध्ये ती दिवसभर घरात, म्हणून पोराचं तिला सगळ्यात आधी कळतं.

पण खरा जीव गेला तो आजीच्या फोनमध्ये. आजी पंचवटीतली. निखिलचं मराठी घरापुरतं, 'समलिंगी' हा शब्द त्याच्या कानावर पडलेलाच नाही, आणि 'गे' म्हटलं तर आजीला कळणार नाही. चार ड्राफ्ट मी त्याच्या तोंडी भाषण घालत होतो, ते सगळं उडवलं. आता एवढंच आहे:

"आजी, मला मुलगी नको बघूस."
"सोळा वर्षांच्या पोराला कोण बघतंय रे आत्ता?"
"नंतर पण नको."
"कधीच?"
"कधीच."

आणि मग आजी गॅस बंद करून येते. बस. हे मी सतराव्या वर्षी माझ्या आजीला बोलू शकलो नव्हतो, त्यामुळे लिहून झाल्यावर बराच वेळ काही सुचलं नाही.

दहावं प्रकरण वडिलांचं. कुणाचे नातेवाईक तिकडे असतील तर सांगा, तिथे वाढलेली मुलं बाबांना 'तुम्ही' म्हणतात की 'तू'? अख्खं भांडण त्यावर उभं आहे.