नखाएवढा तुकडा आणि दाराची काच

गेल्या महिन्यात एका गोठलेल्या सकाळी समोरच्या काचेवरचा बर्फ खरवडून मी गाडीत बसलो आणि बाजूचा आरसा पुसता यावा म्हणून चालकाच्या दाराची काच खाली घेण्याचे बटण दाबले. काच हलली नाही. दाराच्या आत वाळकी काडी मोडावी तसा एक आवाज झाला आणि त्यापाठोपाठ ओझे नसलेली मोटर नुसतीच फिरत असल्याचे ऐकू येऊ लागले. मी आणखी दोन-तीन वेळा बटण दाबून पाहिले, तशी आतून करकर सुरू झाली. काच मात्र वरच्या वर टिकून होती, कारण कडेच्या रबराला ती बर्फाने घट्ट चिकटली होती. गाडी तापली, बर्फ सुटला, आणि कामाच्या ठिकाणी उतरून मी दार लावले तेव्हा अख्खी काच धपकन दाराच्या पोटात गेली. त्या थंडीत उघड्या खिडकीला प्लास्टिकचा कागद चिकटवून मी घरी परतलो.

दुसऱ्या दिवशी गाडी एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथल्या माणसाने बटण दाबून आवाज ऐकला आणि दोन वाक्यांत निकाल दिला की मोटर ठीक आहे, काच वर-खाली करणारे मशीन गेले आहे, आणि ते दुरुस्त होत नाही, बदलतात. तारीख नऊ दिवसांनंतरची मिळाली. इथे परदेशात मजुरी तासांवर मोजतात आणि दार उघडून बंद करण्याचे तास पुस्तकात आधीच ठरलेले असतात, त्यामुळे सुटा भाग बाजूला राहून केवळ मजुरीचा आकडाच मोठा होतो. पण मला आकडा खुपला नाही, ‘दुरुस्त होत नाही’ हे वाक्य खुपले. तो माणूस सौजन्याने बोलला होता, तरीही दिवसभर ते वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही.

ते का खुपले हे समजण्यासाठी दाराच्या आत काय असते ते सांगायला हवे. आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला काचेचे मशीन म्हणतात, त्यात माझ्या गाडीपुरते पाहिले तर एक उभी धातूची पट्टी असते, पट्टीच्या वर आणि खाली एकेक कप्पी असते, आणि त्या कप्प्यांवरून जाणाऱ्या पोलादी तारेची दोन्ही टोके मोटरला जोडलेल्या ड्रमवर येतात. मोटर फिरली की एका बाजूची तार ड्रमवर गुंडाळली जाते, दुसऱ्या बाजूची तेवढीच सुटते, आणि तारेत अडकवलेला एक प्लास्टिकचा तुकडा पट्टीवरून वर-खाली सरकतो. काचेची खालची कड या तुकड्याने धरलेली असते. मोटर 12 व्होल्टवर चालते आणि विजेची दिशा उलटली की उलटी फिरते. मोटर आणि ड्रम यांच्यामध्ये वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांनी दातेरी चाक फिरवणारी जोडणी असते, म्हणून मोटर काचेला हलवू शकते, पण काच दाबून मोटर फिरवता येत नाही. बाहेरून कितीही जोर लावला तरी निरोगी दाराची काच खाली जात नाही ती यामुळे.

आता या सगळ्यात मोडले काय, तर तो सरकणारा प्लास्टिकचा तुकडा, आणि त्याचाही जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढा कान. काच बर्फाने धरून ठेवली होती, मोटर खाली ओढत होती, आणि या ओढाताणीत सर्वांत दुबळे जे होते ते तुटले. पट्टी धातूची, तार पोलादाची, मोटर पुढची कित्येक वर्षे चालेल अशी. आणि या सर्वांचा भार ज्याच्यावर, तो भाग प्लास्टिकचा, शिवाय सुटा न मिळणारा. मला याचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. काही जण म्हणतील की हाताने कडी फिरवायच्या काचा होत्या तेव्हा हे दुखणे नव्हते. ते मला पटत नाही, कारण त्या दारांतही अशीच यंत्रणा असे आणि तीही झिजे, मोडे. बटणावर चालणाऱ्या काचा काही आजच्या नव्हेत, 1940 साली पॅकार्ड या अमेरिकी कंपनीच्या गाड्यांत त्या आल्या आणि तेव्हा त्या द्रवाच्या दाबावर चालत. दोष विजेचा नाही. गोठणाऱ्या रात्री उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीत जिथे सर्वांत जास्त ताण येतो, तिथे सर्वांत हलका माल वापरणाऱ्याचा तो दोष आहे.

आपल्याकडे मी स्वतः पाहिले आहे की मेकॅनिक जुने मशीन बाहेर काढतो, नवी तार ओवतो, दुसऱ्या गाडीच्या मशीनमधला चांगला तुकडा घासूनपुसून बसवतो आणि संध्याकाळी गाडी परत देतो. त्या कौशल्याला इथे कोणी कौशल्य म्हणणार नाही, कारण त्याला प्रमाणपत्र नाही, आणि याची खंत मला नेहमी वाटते. तरी जे पाहिले ते सांगायला हवे. मी दार उघडले तेव्हा तार ड्रमवरून सुटून तिचा गुंता झाला होता आणि एका जागी तिचे बारीक धागे तुटून बाहेर आले होते. सकाळी मी पुन्हा पुन्हा बटण दाबले त्याचा हा परिणाम. अशी तार परत वापरणे मलाही योग्य वाटले नाही, आणि नवी तार नेमक्या ताणावर बसवण्याची सोय माझ्याजवळ नव्हती. शेवटी मीही अख्खे मशीनच मागवले, मात्र मोटरशिवायचे. चांगली मोटर फेकून देणे मला मान्य नव्हते.

मागवतानाच एक चूक होता होता राहिली. इथे स्टिअरिंग डाव्या बाजूला असते, त्यामुळे चालकाचे दार म्हणजे पुढचे डावे दार. माझ्या हाताला मात्र अजून उजवीकडचीच सवय, आणि मी ‘पुढचे उजवे’ निवडून बसलो होतो. सुट्या भागांत डावे-उजवे ठरवायचे ते गाडीत पुढे तोंड करून बसलेल्या माणसाच्या हाताने, गाडीसमोर उभे राहून नव्हे, हेही तेव्हाच पक्के लक्षात ठेवले.

काम मी स्वतः केले. मजुरी वाचवण्यासाठी केले असे कोणी म्हणेल. ते खरे आहे आणि त्यात कमीपणा मानण्यासारखे मला काही दिसत नाही. दारात हवेच्या पिशवीचे, म्हणजे एअरबॅगचे संवेदक असू शकतात, म्हणून आधी बॅटरीची ऋण बाजू सोडवली आणि थोडा वेळ थांबलो. हातपट्टीच्या टोपणामागचा स्क्रू आणि उघडण्याच्या खटक्यामागचा स्क्रू काढले, दाराचे आतले पॅनल कडेकडेने ओढून क्लिपा सोडवल्या, मग ते वर उचलून खिडकीच्या काठावरून अलग केले. आत डांबरासारख्या चिकट पदार्थाने लावलेला प्लास्टिकचा पडदा असतो. काचेवरून दारात उतरणारे पावसाचे पाणी खालच्या भोकांतून बाहेर जाते, आणि ते माणसांच्या बाजूला येऊ नये म्हणून हा पडदा असतो. तो फाटला तर काही दिवसांत पायाखालचा गालिचा ओला होतो. तो सावकाश सोलला, दोन्ही तळव्यांनी काच वर उचलली आणि रुंद चिकटपट्टी काचेच्या आतून चौकटीवर, तिथून बाहेरून काचेवर अशी घेऊन तिला टांगून ठेवली.

मशीन रिव्हेटने, म्हणजे स्क्रूसारखे उलगडून न निघणाऱ्या खिळ्यांनी बसवलेले निघाले आणि तिथे मी अडलो. शेजारी राहणारे एक वयस्कर गृहस्थ, ज्यांच्याशी वर्षभरात नमस्कारापलीकडे माझे बोलणे झाले नव्हते, ते आपणहून आले, दारात डोकावले, आणि काही न विचारता घरी जाऊन ड्रिल, रिव्हेट मारण्याची पकड आणि डबीभर रिव्हेट घेऊन परतले. जुन्या रिव्हेटची डोकी ड्रिलने उडवून झाल्यावर दाराच्या तळात पडलेला धातूचा चुरा त्यांनी मला व्हॅक्यूमने काढायला लावला, नाहीतर तो पाणी जाण्याच्या भोकांत बसतो आणि गंजतो. मोटर जुन्या मशीनवरून नव्यावर चढवली, मशीन दारात घातले, रिव्हेट मारले, आणि मी काच धरणारे स्क्रू पूर्ण आवळू लागलो, तेव्हा त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

“अजून आवळू नका. आधी काच वरपर्यंत जाऊ द्या, तिची जागा तिला घेऊ द्या. मग आवळा.”

दारातले सर्व कनेक्टर जोडले, नंतरच बॅटरी जोडली, आणि बटण अगदी थोडे थोडे दाबत काच वर नेली. रबराच्या खाचेत शिरताना ती किंचित पुढे झुकली, मग स्वतःहून सरळ झाली. ती हालचाल मला डोळ्यांनी दिसली. आधीच आवळले असते तर काच तशीच तिरकी राहिली असती, प्रत्येक वेळी रबराला घासली असती आणि त्या नव्या प्लास्टिकच्या कानावर पुन्हा तोच ताण आला असता. ही गोष्ट मी वाचलेल्या सूचनांत नव्हती. ज्याला आपण तिकडे हाताचा अनुभव म्हणतो तो इथेही आहे. तो गॅरेजच्या खिडकीपाशी भेटत नाही एवढेच.

आभार मानले तर ते संकोचले आणि ‘पकड उद्या दिली तरी चालेल’ असे म्हणून निघून गेले. पडदा जागेवर चिकटवला, पॅनल बसवले, काच एकदा पूर्ण खाली आणि एकदा पूर्ण वर नेऊन दोन्ही टोकांना बटण काही क्षण धरून ठेवले, म्हणजे गाडीला काचेच्या सीमा पुन्हा कळल्या आणि एका दाबात काच वर जाण्याची सोय परत आली.

रात्री घरी फोन केला. बाबांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “जुनं मशीन टाकलं नाहीस ना?” टाकले नव्हते. पट्टी आणि दोन्ही कप्प्या पुसून खोक्यात ठेवल्या आहेत. “आणि बाकीच्या दारांचं काय?” ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी उरलेल्या तिन्ही दारांच्या रबरी खाचांत सिलिकॉनचा फवारा मारला. तेल किंवा ग्रीस तिथे लावू नये, रबर फुगते. तेव्हापासून बर्फ पडलेल्या सकाळी मी गाडी आधी तापू देतो, काच सुटली आहे का ते तळव्याने हलके दाबून पाहतो, आणि मगच बटणाला हात लावतो.