फुलांच्या पुलावर, आईसोबत

आई गेली पन्नास वर्षं रोज सकाळी परडी घेऊन पूजेची फुलं खुडते. कुणाच्या कुंपणाबाहेर डोकावणारी जास्वंद तिच्या लेखी देवाचीच असते. त्यामुळे तिला अमेरिकेतल्या शेलबर्न फॉल्सच्या फुलांच्या पुलावर न्यायचं ठरलं, तेव्हा गाडीतच सांगून ठेवलं, "आई, तिथं एकही फूल तोडायचं नाही हं."

"एवढं कळतं मला," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "आणि खाली पडलेलं?"

"तेही नाही."

बोस्टनहून रूट २ धरून पश्चिमेकडे निघालं की अडीचेक तासांत हे गाव येतं. मॅसॅच्युसेट्सच्या डोंगराळ भागातलं, डीअरफील्ड नदीच्या दोन्ही काठांवर वसलेलं. एक काठ शेलबर्नचा, दुसरा बकलंडचा. मधे एकमेकांच्या जवळ दोन पूल आहेत. एक १८९० चा लोखंडी, त्याच्यावरून आजही गाड्या जातात. दुसरा १९०८ चा, काँक्रीटचा, पाच कमानींचा, ४०० फूट लांब. त्याच्यावर फक्त बाग आहे.

हा दुसरा पूल मुळात ट्रॉलीसाठी, म्हणजे ट्रामसाठी बांधलेला. शेजारच्या कोलरेन गावाकडून येणारी ट्रॉली माणसांबरोबर मालही आणायची आणि तो नदीपलीकडे रेल्वेच्या यार्डापर्यंत पोचवायची. तेवढं वजन लोखंडी पुलाला झेपण्यासारखं नव्हतं. पुढे मोटारी आणि ट्रक आले आणि १९२७ मध्ये ट्रॉली कंपनीचं दिवाळं निघालं. रिकाम्या पुलावर रानगवत माजलं. पाडावा म्हटलं तर तेही शक्य नव्हतं, कारण पिण्याच्या पाण्याची मोठी पाइपलाइन याच पुलातून एका काठावरून दुसऱ्या काठावर जात होती.

गावातल्या अँटोइनेट बर्नहॅम या बाईंना वाटलं, जिथे आपोआप एवढं गवत उगवतं तिथे फुलंही येतील. गावच्या महिला मंडळाने ते मनावर घेतलं आणि १९२९ च्या वसंतात ८० गाड्या माती पुलावर येऊन पडली. हे सगळं मी आईला कठड्याशी उभी राहून सांगत होते. ती ऐकता ऐकता थांबली आणि विचारलं, "म्हणजे आपण पाइपवर उभ्या आहोत?" मग पायाखाली बघत म्हणाली, "पाणी होतं म्हणून वाचला बिचारा."

आम्ही सप्टेंबरच्या एका शनिवारी गेलो होतो, म्हणजे ऐन डेलियाच्या दिवसांत. मधून जेमतेम दोन माणसं शेजारी चालतील एवढी वाट आणि दोन्ही बाजूंना खांद्यापर्यंत आलेली झाडं. जेवणाच्या ताटलीएवढं एक किरमिजी फूल काठीला बांधून ठेवलं होतं, कारण त्याचं डोकं त्यालाच पेलत नव्हतं. बाग एप्रिलच्या सुरुवातीला उघडते. तेव्हा डॅफोडिल आणि ट्युलिप असतात. मेच्या अखेरीस विस्टेरियाचे जांभळे घोस लटकतात. जूनमध्ये आयरिस, पिओनी, गुलाब. मग उन्हाळी फुलं, डेलिया, आणि थंडी पडता पडता अ‍ॅस्टर आणि शेवंती. ऑक्टोबर संपताना पूल बंद होतो. एकदाच येता येणार असेल तर माझं मत डेलियाला.

इथे येणाऱ्यांनी काही गोष्टी पाळायच्या असतात आणि त्या मी मनापासून सांगते, कारण आपल्यातलेच काही लोक त्या मोडताना मी पाहिलेत. कुत्रं आणायचं नाही, सायकल चालवायची नाही, फुलं तोडायची नाहीत. फोटोसाठी वाफ्यात पाय तर मुळीच टाकायचा नाही. ही नेहमीची जमीन नव्हे. खाली कमानी आहेत, त्यामुळे कमानीच्या माथ्यावर मातीचा थर कमी आणि खांबांवर जास्त. तेवढ्याच मातीत मुळांनी भागवायचं, ती पायाने दाबली की त्यांचा श्वासच कोंडतो. वाटेत ठाण मांडून दहा-दहा मिनिटं फोटो काढू नयेत, मागे व्हीलचेअरवाल्या आजी वाट बघत असतात. आणि तिकीट नाही म्हणून तसंच निघून जाऊ नये. बागेचा खर्च बराचसा दानपेटीवर चालतो.

पुलाच्या मध्याशी एक बाई गुडघ्याखाली उशी घेऊन बसल्या होत्या. हातात छोटी कात्री, शेजारी बादली. त्या डेलियाची सुकलेली फुलं काढत होत्या. आई तिथेच थांबली. तिला इंग्रजी फारसं येत नाही आणि बाईंना मराठी येण्याचा प्रश्नच नव्हता, पण मला मधे पडायची फारशी गरज लागली नाही. बाईंनी दोन बोंडं दोन बोटांत धरून दाखवली. एक गोल, घट्ट, बटणासारखं. दुसरं निमुळतं, टोकदार, दाबलं तर ओलसर मऊ. गोल ती उमलायची कळी. टोकदार ते फुलून गेलेलं, ते कापायचं, नाहीतर झाड बी धरायला लागतं आणि पुढची फुलं कमी येतात. कापायचं ते खालच्या पानांच्या जोडीपर्यंत, अर्धवट दांडा ठेवायचा नाही.

आईने ते दोनदा बघितलं. मग वाफ्याबाहेरूनच, हात मागे बांधून, ती बोट न लावता नुसत्या मानेने दाखवायला लागली. ते. ते पण. ते नको, ती कळी आहे. बाई कापत गेल्या. बादली निम्मी भरली. एवढी फुलं समोर असताना तिचे हात मागे बांधलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

१९८३ मध्ये पुलाची मोठी दुरुस्ती निघाली, तेव्हा आतली माती आणि सगळी झाडं बाहेर काढावी लागली. ती झाडं गावकऱ्यांनी आपापल्या घरी नेली, अंगणात लावली, जगवली आणि काम झाल्यावर परत आणून दिली. हे ऐकल्यावर आई म्हणाली, "मग यांच्यात कुणी तोडेल कसं? घरात राहून गेलेलं झाड आहे ते."

पेटीत मी दहा डॉलर टाकले. आईने पर्समधून स्वतःची नोट काढली आणि ती वेगळी टाकली, "माझे मी" म्हणत.

परतताना बकलंडच्या बाजूला ट्रॉलीचं छोटं संग्रहालय लागतं. तिथे दहा नंबरची ट्रॉली आहे, १८९६ ची, याच पुलावरून येजा करणारी. कंपनी बुडाल्यावर ती एका शेतकऱ्याने नेली आणि पुढची ६५ वर्षं ती त्याच्या शेतात कोंबड्यांचं खुराडं आणि अवजारांची खोली म्हणून उभी राहिली. म्हणूनच ती शिल्लक आहे. आता दुरुस्त करून थोड्याशा रुळांवर लोकांना फिरवून आणतात. आई खिडकीशी बसली. डबा हलला, घंटा वाजली, आणि तिने बाकाच्या गुळगुळीत लाकडावरून हात फिरवत मला विचारलं, "कोंबड्या नेमक्या कुठे बसत असतील गं?"