वजा एक कशाला?

संख्यामालिका मला लहानपणापासून प्रचंड आवडतात आणि शाळेतलं गणित मात्र कायम जड गेलं. लोकांना हे ऐकून नवल वाटतं, मला नाही वाटत. स्कॉलरशिपच्या बुद्धिमत्तेच्या पेपरात 2, 5, 10, 17, 26 आणि पुढे प्रश्नचिन्ह असं दिसलं की मी आधी तेच सोडवायचे. शेजारच्या आकड्यांच्या वजाबाक्या करायच्या, 3, 5, 7, 9 येतात, म्हणजे पुढे 11, उत्तर 37. मग जरा बघत बसलं की कळायचं अरे हे तर प्रत्येक वर्गात एक मिळवलेलाय! कोणी सूत्र दिलेलं नाही, आपलं आपणच शोधलेलं, काय भारी वाटायचं ते.

आणि दहावीत अंकगणिती श्रेढी आली. खरं तर ती संख्यामालिकाच, दर वेळी तोच आकडा मिळवत जायची, पण पहिल्याच तासाला फळ्यावर एनव्या पदाचं (म्हणजे एनव्या जागेवरच्या आकड्याचं) सूत्र, ए अधिक कंसात एन वजा एक गुणिले डी, ए म्हणजे पहिलं पद आणि डी म्हणजे दर वेळी मिळवायचा आकडा, पाठ करा, मार्क मिळतील. पण नुसतं एन का नाही, वजा एक कशाला, हे कोणी सांगितलंच नाही आणि ते कळलं नाही की पुढचं सगळं नुसतं घोकणं होतं.

यंदा भाची दहावीला आहे, गुहागरला, आणि ती बरोब्बर तिथेच अडकली. "मावशी, हे वजा एक कुठून आलं गं?" म्हटलं चल आगरात. दोन माडांमध्ये 25 फूट सोडलेत, तर 20 माडांची रांग किती लांब? आधी 500 म्हणाली, मग थांबली, बोटाने मधल्या जागा मोजत गेली आणि म्हणाली 475, कारण माड 20 पण मधल्या जागा 19च. झालं की! मग 7, 11, 15, 19 चं विसावं पद तिने सूत्राशिवाय काढलं, सातात 19 वेळा चार मिळवून 83. माझं तर स्पष्ट मत आहे, आधी पोरांना असं शोधू द्या आणि सूत्र नंतर द्या, चार दिवस जास्त गेले तरी चालतील.

तिला मग कापरेकरांबद्दल सांगितलं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, 1905 साली आपल्याच किनाऱ्यावर डहाणूला जन्मले, देवळालीला शाळेत शिक्षक होते आणि आकड्यांशी खेळता खेळता त्यांना 6174 सापडला. चार अंकी कुठलाही आकडा घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत, अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाचे वजा करा, उत्तराचं परत तसंच करा, जास्तीत जास्त सात वेळात 6174 येतोच. भाचीने स्वतःचं जन्मसाल घेतलं, 2010. 2100 वजा 0012 म्हणजे 2088, मग 8820 वजा 0288 म्हणजे 8532, मग 8532 वजा 2358, आला 6174! आजोबांच्या 1947 ला पाच पायऱ्या लागल्या, आता सातवाल्याच्या शोधात आहे.