प्रादोमधल्या दोन जत्रा

माद्रिदला गेलेला चित्रप्रेमी प्रादो संग्रहालयात स्पॅनिश चित्रकार वेलाथ्केथचे ‘लास मेनिनास’ पाहिल्याशिवाय परतत नाही. मीही ते पाहिले, पण दालनात गर्दी एवढी होती की १६५६ सालच्या त्या चित्रातल्या राजकन्येपेक्षा पुढच्या पर्यटकांची डोकीच अधिक पाहून झाली. माझा खरा वेळ गेला तो फ्रान्सिस्को गोयाच्या दोन चित्रांसाठी मजले चढण्या-उतरण्यात.

सान इसिद्रो हा शेतकरी संत माद्रिदचा पालक मानला जातो आणि १५ मे रोजी मान्सानारेस नदीपलीकडे त्याची जत्रा भरते. गोयाने ती प्रथम १७८८ मध्ये रंगवली. राजवाड्यातील शयनगृहासाठी विणायच्या भित्तिपटाचा हा कच्चा आराखडा. रुंदी जेमतेम ९० सेंटीमीटर. तरीही त्यात छत्र्या घेतलेल्या स्त्रिया आहेत, घोडागाड्या आहेत, आणि नदीच्या पलीकडे राजवाड्यासह अवघे शहर गुलाबी उजेडात न्हाऊन निघाले आहे. त्याच वर्षी राजा तिसरा कार्लोस वारला आणि भित्तिपट विणायचा राहून गेला.

दुसरी जत्रा तळमजल्यावर, ‘काळी चित्रे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चौदा चित्रांच्या दालनात आहे. मधल्या काळात गोयाची श्रवणशक्ती गेली होती, नेपोलियनच्या सैन्याशी झालेले युद्ध त्याने पाहिले होते, आणि १८१९ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, त्याने नदीपलीकडे, त्या जत्रेच्या माळापासून जवळच, घर घेतले होते. त्या घराच्या भिंतींवर कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःसाठीच त्याने ही चित्रे रंगवली. चार मीटरांहून रुंद अशा त्या जत्रेत अंधारातून माणसांचा लोंढा पुढे येतो. सर्वांत पुढच्या गिटारवाल्याचा जबडा वासलेला आहे, पण ते गाणे आहे की आक्रोश, हे मला शेवटपर्यंत ठरवता आले नाही. याच दालनातल्या, स्वतःचेच मूल खाणाऱ्या रोमन देव सॅटर्नच्या प्रसिद्ध चित्रापेक्षाही मला याचीच अधिक धास्ती वाटली, कारण इथे राक्षस कोणीच नाही, सगळे यात्रेकरूच आहेत.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. १८७४ पासून ही चित्रे भिंतींवरून सोडवून कॅनव्हासवर चढवण्यात आली आणि त्या खटाटोपात बराच मूळ रंग गेला. लॉरां या छायाचित्रकाराने ती भिंतींवर असतानाच टिपल्यामुळे आज तुलना तरी करता येते. ते घरही १९०९ मध्ये पाडले गेले.

संग्रहालयात छायाचित्रे काढण्यास बंदी आहे, आणि मला ती मनापासून पटली. संध्याकाळचे शेवटचे दोन तास प्रवेश विनामूल्य असतो, मात्र तेव्हा रांग लांबते. शक्य असल्यास तिकीट काढून सकाळीच जावे, आधी वरची जत्रा पाहावी आणि मग खालची.