रद्द काटापावत्या

मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरचा सपोर्ट २०१५ मध्ये बंद केला, तरी धरणगावकडच्या एका जिनिंगमध्ये त्यात लिहिलेला माझा वजनकाट्याचा प्रोग्राम परवापर्यंत चालू होता. यंदा शेठच्या मुलाने पुण्याहून नवं सॉफ्टवेअर आणलं. साठीला टेकलेल्या प्रोग्रामरकडून अपेक्षा एवढीच : जुना डेटा द्या आणि निघा.

डेटा चढला आणि कापसाची आवक रजिस्टरपेक्षा जास्त भरली. नव्या सॉफ्टवेअरवाल्या पोरांचं निदान तयार : काकांच्या प्रोग्राममध्ये बेरीज चुकते. त्याच बेरजेवर मुनीमजी इतकी वर्षं शेतकऱ्यांचे पैसे चुकते करत आले, हे त्यांना कोण सांगणार!

मी फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे कच्चे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडली. डीबीएफमध्ये, म्हणजे फॉक्सप्रोच्या डेटा फाइलमध्ये, डिलीट केलेली नोंद पुसली जात नाही. प्रत्येक नोंदीच्या पहिल्या बाइटमध्ये चालू असेल तर स्पेस, रद्द असेल तर तारांकन. 'सेट डिलीटेड ऑन' केलं की तारांकनवाल्या दिसत नाहीत, इतकंच. खरंच काढायच्या तर 'पॅक' चालवावं लागतं आणि तेव्हा फाइल दुसऱ्या कुणीही उघडलेली चालत नाही. हंगामात काटा रात्रभर चालतो, ट्रॅक्टरांची रांग रस्त्यावर जाते. तेव्हा कोण पॅक करू देणार? पुढे पुढे मी ते मुद्दामच टाळलं. पोरांच्या स्क्रिप्टने तो पहिला बाइट वाचलाच नव्हता. तारांकनवाल्या नोंदी गाळायची एक अट त्यात घातली, बेरीज किलोला किलो जुळली. "काका, हे कुठे शिकवतात?" एकाने विचारलं. गुणी पोरगा. बाकीचे मोबाइलमध्ये.

मग शेठच्या मुलाने रद्द पावत्यांची यादी मागितली. पावत्या रद्द होतातच. गाडीचा नंबर चुकतो, भाव पटला नाही की शेतकरी माल परत नेतो. पण या यादीत कापूस उतरून रिकाम्या गाडीचं वजन झाल्यावर रद्द केलेल्याही होत्या. बहुतेक रात्रपाळीच्या. काही मिनिटांत त्याच ट्रॅक्टरची नवी पावती, वजन कमी.

"वल्ला कापूस व्हई, भाऊ," मुनीमजी म्हणाले. ओल्या मालाच्या कटतीला मी वेगळा रकाना दिला होता. तो त्या पावत्यांवर कोरा होता.

शेठचा मुलगा यादी बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "काका, जुनी फाइल एकदा पॅक करून टाका ना."

बघतो म्हणालो. फाइल माझ्याकडे आहे, तशीच. बिलही पाठवलेलं नाही.