शेवंडाची मुंडी

फेब्रुवारीत चार दिवस तारकर्लीला जाऊन आलो, पोस्ट टाकायला एप्रिल उजाडला, पण ते शेवंड काय डोक्यातनं जाईना म्हणून लिहितोय. लॉबस्टर म्हणलं की आपल्या सांगलीकराच्या डोळ्यासमोर टीव्हीतलं ते लालभडक, मोठ्या नांग्यांचं धूड येतं, माझ्याबी यायचं. आपल्या कोकण किनाऱ्यावर जो मिळतो त्याला नांग्याच नसतात, नुसत्या अंगापेक्षा लांब काटेरी मिशा, आणि तिकडं त्याला शेवंड म्हणतात. हॉटेलच्या मेनूवर लॉबस्टर लिहिलं की रेट वाढतो एवढाच काय तो फरक.

सांगलीतनं पहाटे निघालो, कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट करत दुपारी पोचलो. आईचा मंगळवार, त्यामुळं पहिल्या दिवशी सगळ्यांनीच डाळभात खाल्ला (मी रात्री गुपचूप दोन बांगडे हाणले, ते सोडा). ज्यांच्याकडं उतरलो होतो त्या काकूंना भेट म्हणून किलोभर हळद आणि तासगावचे बेदाणे नेलेले, आणि माझ्या बॅगेत कांदा-लसूण चटणीची बरणी होती, ती मी कुठंबी जाताना नेतो, बायको वैतागते पण नेतो.

बुधवारी संध्याकाळी काकूंच्या पोराबरोबर मालवणच्या जेट्टीवर गेलो. समोर पाण्यात सिंधुदुर्ग, इकडं होड्या लागलेल्या आणि लिलावाचा दंगा, आपल्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात तसाच, फक्त वास वेगळा. एका क्रेटमध्ये पाच-सहा शेवंड ओल्या पोत्याखाली. शेवाळी हिरवट रंग, शेपटीवर आडवे फिकट पट्टे. पोरानं एक मिशांच्या मुळाशी धरून उचलला तर त्यानं शेपटी फाडफाड आपटली आणि करकर आवाज काढला, गंजलेलं बिजागर वाजावं तसा! मी दोन पावलं मागं. तो म्हणाला मिशांची मुळं घासून काढतो तो आवाज, घाबरवायला. घाबरलो की मी. एक मादी निघाली, पोटाखाली नारिंगी अंड्यांचा झुपका, ती त्यानं घेतलीच नाही, होडीवाल्याला म्हणाला सोडून ये. आम्ही दोन घेतले, मिळून सव्वा किलो, आणि पैशाचा आकडा मी इथं लिहीत नाही कारण बायकोला अजून खरा सांगितलेला नाही.

आता मुद्द्याचं. काकूंनी दोन्ही आधी अर्धा तास बर्फात घातले, थंडीनं गपगार झाले. मग धड आणि डोकं वेगळं केलं, आणि एक कारागिरी बघितली: त्याचीच मिशी मोडली, शेपटीच्या मागच्या भोकातनं आत सरकवली, काट्यांत अडकवून पीळ देऊन ओढली तर काळा दोरा अख्खा बाहेर. चाकू नाही, काडी नाही. मी पाच मिनिटं नुसता तेच बघत बसलो.

मी हौसेनं चटणीची बरणी पुढं केली. काकू म्हणाल्या, "ती थंयच ठेय, ह्यां तुमचां मटण न्हय." शेपटीला फक्त मीठ, हळद (आमची!), आगळ म्हणजे कोकमाचा आंबट रस आणि चिमूटभर मालवणी मसाला, तव्यावर खोबरेल तेल आणि झाकण. सात-आठ मिनिटांत हिरव्याचा लालभडक झाला. माझ्या पोरीनं मोबाईलवर शोधलं, म्हणे लाल रंग आधीपासनंच कवचात असतो, एका प्रोटीननं धरून ठेवलेला, उष्णता लागली की ते प्रोटीन सोडून देतं. काकू म्हणाल्या तेवढ्यावरच थांबायचं, जास्त ठेवला तर चप्पल होते. खरंच मऊ पण दातांना लागणारा, किंचित गोड. माझ्या चटणीनं त्याची वाट लागली असती हे मी जाहीर कबूल करतो.

पण शेपटी खाऊन मी खुळा झालो नाही. शेजारच्या टेबलावर पुण्याची मंडळी होती, त्यांनी बटर गार्लिक करून घेतलेलं, शेपट्या खाल्ल्या, फोटो काढले आणि डोकी तशीच ताटात. आपल्याकडं यात्रेचं मटण शिजलं की मुंडी कुणाच्या वाट्याला यावरनं भावाभावांत भांडणं होतात, आणि इथं मुंडी टाकून देतात! काकूंना विचारलं तर हसल्या, म्हणाल्या सकाळी ये.

सकाळी सात वाजता चुलीवर टोप. आमची दोन डोकी, आतली पिशवी काढून, उभी चिरून, पाय ठेचून घातलेले. ओलं खोबरं, बेडगी मिरची, धने, कांद्याचं वाटप, शेवटी चार आमसुलं. कालवणावर जो नारिंगी तवंग आला तो बघून मला थेट आमच्याकडचा मुंडीचा रस्साच आठवला. तांदळाची भाकरी मोडून मोडून खाल्ली, पाय चोखले, डोक्यातला गर चमच्यानं खरवडून भाकरीला लावला. आई मासे फारसे खात नाही, तिनंसुद्धा वाटी पुढं केली आणि म्हणाली, "शेपटीत काय नव्हतं बघ." आईचं पेटंट वाक्य, पण ह्या वेळी शंभर टक्के बरोबर.

इथपर्यंत सगळं ब्येस. मग मला हाव सुटली. निघायच्या दिवशी अजून दोन घेतले, थर्माकोलच्या डब्यात बर्फ, म्हणलं सांगलीत मित्रांना दाखवू. काकू नको म्हणत होत्या. फोंडा घाटात एक ट्रक आडवा, तीन तास तिथंच, ऊन मरणाचं, बर्फाचं पाणी झालं आणि शेवंड त्या पाण्यात बुडून गेले. रात्री घरी डबा उघडला तर वासानंच समजलं. तरी पैसे आठवले म्हणून एक चिरून बघितला, मांस पार पिठासारखं, बोटानं दाबलं की विरघळतंय. हा जीव मेला की आतलाच पाचकरस त्याचं मांस खायला लागतो, म्हणून तर तिकडं जिवंतच घेतात आणि लगेच शिजवतात. दोन्ही उकिरड्यात गेले, आणि त्या रात्री कॉलनीतली मांजरं गेटवर बसून रडत होती.

चार दिवसांनी काकूंना फोन करून सांगितलं. आधी पोटभर हसल्या, मग दोन शिव्या घातल्या, मालवणीत, त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. ठेवता ठेवता म्हणाल्या, पुढच्या खेपेला ती चटणी आणू नको, हळद तेवढी दोन किलो आण.