चांदर : एक जिना, दोन घरे

मडगावच्या बाजारातील गर्दी मागे टाकून आम्ही चांदरच्या रस्त्याला लागलो, तेव्हा शहरापासून अवघ्या तेरा किलोमीटरवर एवढी निवांत वस्ती असेल असे वाटले नव्हते. चांदर म्हणजे प्राचीन चंद्रपूर, भोजांची आणि पुढे कदंबांची राजधानी. त्या राजधानीच्या खुणा आता शोधाव्या लागतात. डोळ्यांत भरते ती ब्रागांझा घराण्याच्या वाड्याची दर्शनी बाजू. रस्त्याच्या कडेने ती इतकी लांबवर पसरली आहे की छायाचित्रात काही केल्या मावेना. शेवटी मी तो नाद सोडला आणि वरच्या मजल्याच्या खिडक्या मोजू लागले.

आत जिना एकच आहे, पण वर पोहोचल्यावर दोन बाजूंना दोन दारे लागतात. वारशाच्या वाटणीत घराचे दोन भाग झाले : पश्चिमेकडचा मिनेझिस ब्रागांझांचा, पूर्वेकडचा परेरा ब्रागांझांचा. घराण्यातील माणसे येथे राहत आली आहेत, त्यामुळे हे संग्रहालय नव्हे, कुणाचे तरी घर आहे, हे भान ठेवूनच पाहावे लागते. बहुतेक प्रवासी पूर्वेकडच्या नृत्यदालनासाठी येतात, आणि ते आहेही तसेच : इटालियन संगमरवराची फरशी, बेल्जियन काचेची झुंबरे, रंगवलेले छत आणि पोर्तुगालचा राजा दों लुईस याने घराण्याला भेट दिलेल्या उंच पाठीच्या दोन खुर्च्या. याच भागातील खासगी प्रार्थनाघरात सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे नख पवित्र अवशेष म्हणून जपले आहे.

मला मात्र त्या झगमगाटापेक्षा खिडक्यांनी अधिक वेळ थांबवून ठेवले. काच दुर्मीळ आणि महाग होती त्या काळात गोव्यात चपट्या शिंपल्यांचे कापलेले तुकडे लाकडी पट्ट्यांच्या खाचांत एकाखाली एक बसवत. जवळून पाहिले की प्रत्येक तुकड्यावर वाढीच्या बारीक रेषा दिसतात. त्यातून बाहेरचे काहीच दिसत नाही; येतो तो नुसता दुधाळ उजेड, आणि दुपारच्या उन्हाचा त्रास तेवढा वगळला जातो.

पश्चिमेकडच्या भागात सुमारे पाच हजार पुस्तकांचा संग्रह आहे आणि माझ्या मते वाड्याचा खरा ऐवज तोच. हे घर लुईस द मिनेझिस ब्रागांझा (१८७८–१९३८) यांचे. १९०० साली निघालेल्या ‘ओ हेराल्दो’ या दैनिकाच्या संस्थापकांपैकी ते एक होते. पुढे १९११ मध्ये त्यांनी ‘ओ देबात’ काढले. पोर्तुगालमध्ये पुढे हुकूमशहा झालेल्या सालाझारने वसाहतींवरील पकड घट्ट करणारा कायदा आणला, तेव्हा १९३० मध्ये विधिमंडळात गोव्याच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव त्यांनीच मांडला. गोव्याच्या राष्ट्रवादाचे जनक मानले जाणारे त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा हेही चांदरचेच. एका दारामागे राजाच्या खुर्च्या आणि दुसऱ्या दारामागे त्या राजसत्तेच्या वारसदारांना जाब विचारणाऱ्याची पुस्तके, मध्ये फक्त एक जिना! अशी सोय कुणी मुद्दाम करायची म्हटली तरी जमली नसती.

एवढा डोलारा उभा राहिला तो जमिनीच्या उत्पन्नावर. मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला, कसणाऱ्याला संरक्षण मिळाले आणि मोठ्या जमीनदार घरांचा आधार सुटला. तो कायदा न्याय्यच होता, पण एवढ्या छपराची कौले दर पावसाळ्यापूर्वी चाळायची म्हणजे काय खर्च येत असेल, हा विचार काही डोक्यातून जाईना. म्हणूनच देखभालीसाठी ठेवलेल्या पेटीत पैसे टाकताना हात आखडता घेतला नाही, आणि भाग दोन असल्याने ते दोनदा टाकले.

बाहेर आल्यावर खिडक्या पुन्हा मोजल्या. आकडा या वेळी वेगळाच आला.